घटस्फोटानंतर घर कोणाचं? ‘निम्म्या वाट्या’चा समज आणि प्रत्यक्ष कायदा

एखाद्या क्रिकेटपटूच्या किंवा नटाच्या घटस्फोटाची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरू लागतात, ‘आता निम्मी इस्टेट बायकोला द्यावी लागणार!’ अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लग्नानंतर झालेल्या कमाईबाबत हे बरंचसं खरं आहे. महाराष्ट्रात नाही. लग्न मोडलं तर नवरा-बायकोच्या मालमत्तेचे दोन समान भाग करावेत, असं कलम १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यातही ते सापडत नाही.

मग नियम काय? ज्याच्या नावावर, त्याचं. मालमत्ता विकत घेतलेली असो, वारशाने आलेली असो की भेट मिळालेली, लग्न झाल्याने तिची मालकी बदलत नाही आणि घटस्फोटानेही बदलत नाही.

किराण्याची पावती कुणी ठेवतं का?

हा नियम ऐकायला सरळ वाटतो, पण त्याचा काच नेमका कुठे बसतो ते पाहू. समजा, पुण्यातल्या एका जोडप्याने फ्लॅट घेतला. दोघंही नोकरी करणारे. घरात सोयीचं म्हणून ठरलं, की हप्ता नवऱ्याच्या पगारातून जाईल आणि किराणा, मुलांची फी, सासऱ्यांची औषधं बायकोच्या पगारातून. अ‍ॅग्रीमेंट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर झालं. बारा वर्षांनी दोघं वेगळे होतात तेव्हा त्याच्या हातात फ्लॅट असतो. तिनेही तेवढाच पैसा घातलेला असतो, पण तो खर्च होऊन गेलेला. नोकरी सोडून घर सांभाळणाऱ्या बाईची स्थिती याहून अवघड, कारण तिच्या कष्टाची नोंद कुठल्याच पासबुकात नसते.

दोघांच्या नावावर घर असेल तर चित्र वेगळं. करारात वाटे लिहिलेले असतील तर ते पाहिले जातात. नसतील, तर कोणी किती पैसे घातले यावरून वाटा ठरतो आणि त्याचा पुरावाच नसेल तर दोघांचा समान वाटा धरला जातो. नवरा-बायकोमधला असा मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयात चालवता येतो. डाउन पेमेंट कुठल्या खात्यातून गेलं, हे दाखवणारी बँक स्टेटमेंट इथे फार कामाला येतात.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँकेला घटस्फोटाशी काही देणंघेणं नसतं. ‘हप्ते तो भरेल’ असं दोघांत ठरलं तरी त्याने ते थकवले की वसुलीची नोटीस तिच्याही दारात येते. बँकेने लेखी मान्यता देऊन नाव कमी करेपर्यंत जबाबदारी सुटत नाही.

स्त्रीधन, पोटगी आणि राहण्याचा हक्क

माहेरून किंवा सासरकडून स्त्रीला मिळालेले दागिने, भेटवस्तू, रोख रक्कम हे तिचं स्त्रीधन. ते सासूच्या कपाटात किंवा नवऱ्याच्या लॉकरमध्ये असलं तरी मालकी तिचीच असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे स्पष्ट केलं आणि मागूनही ते परत न देणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, असंही सांगितलं. लग्नाच्या वेळी दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंबद्दल हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली न्यायालय निर्णय देऊ शकतं. भांडण वाढलं की आधी गायब होतात ते लग्नाचे फोटो आणि सोनाराच्या पावत्या. त्या जपून ठेवलेल्या बऱ्या.

कलम २५ खालची कायमची पोटगी म्हणजे मालमत्तेची वाटणी नव्हे. ती उदरनिर्वाहाची सोय आहे. ती पत्नीप्रमाणे पतीलाही मागता येते, आणि तिच्या वसुलीसाठी स्थावर मालमत्तेवर बोजा चढवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. उत्पन्न लपवण्याचे प्रकार सर्रास होतात. त्यामुळे पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

राहण्याचा हक्क पुन्हा निराळा. २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार, ज्या घरात पत्नी संसार करत होती तिथून तिला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हे संरक्षण मिळू शकतं. पण राहता येतं म्हणजे मालकी मिळते, असं नाही.

गोव्यात काय होतं?

सिंधुदुर्गाची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतल्या कौटुंबिक तरतुदी मुक्तीनंतरही कायम राहिल्या. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तिथे पती-पत्नीची संपत्ती एकत्र धरली जाते आणि दोघंही तिचे निम्मे-निम्मे मालक ठरतात. एकाची सही नसेल तर दुसऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. विभक्त होताना वाटणी होते ती याच निम्म्या हिश्शाने. धर्म कोणताही असो, नियम हाच. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज पणजीत बराचसा खरा आणि सावंतवाडीत खोटा.

बाकी देशात पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याचा प्रयत्न झाला होता. तशी तरतूद असलेलं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. पण लोकसभेत ते पुढे सरकलं नाही आणि २०१४ मध्ये सभागृहाची मुदत संपताच बारगळलं.

समजुतीने घेताना

परस्पर संमतीच्या घटस्फोटात घराचं काय, हे दोघं मिळून ठरवू शकतात. तिथे ‘फ्लॅट पत्नीला’ एवढं एक वाक्य पुरत नाही. हक्कसोडपत्र कधी होणार, मुद्रांक शुल्क कोण भरणार, उरलेलं कर्ज कोणाकडे आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावर नाव कधी बदलणार, हे सगळं संमतीच्या अटींमध्ये तारखांसह लिहून घ्यावं लागतं. बँक खातं आणि विमा यांवरचं जोडीदाराचं नामनिर्देशनही निकालाने आपोआप रद्द होत नाही. ते ज्याचं त्याने जाऊन बदलायचं असतं.