धाब्याखालचा गारवा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपुढे जातो. अशाच एका दुपारी चोपडा तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. पत्र्याच्या खोलीत दोन मिनिटं उभं राहवेना. आजी तान्ह्या नातवाला घेऊन बाहेर निंबाखाली बसलेली. "पत्राखाल जीव शिजस, भाऊ," ती म्हणाली. शेजारीच तिचं जुनं, अर्धं खचलेलं धाब्याचं घर होतं. आत पाऊल टाकलं, तर माठाला हात लावावा तसा गारवा!

धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर; तो माझा कितीतरी वर्षांचा ध्यास आहे. लाकडी खांबांवर सर, सरांवर आडवी लाकडं, त्यांवर पऱ्हाट्या किंवा तुराट्या, वाळवी लागू नये म्हणून निंबाचा पाला, मग चिखलाचा जाड थर आणि सगळ्यांत वर खारी पांढरी माती. या मातीचा गुण असा, की पाऊस पडताच ती फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि पाणी आत न मुरता उतारावरून पन्हाळीने खाली जातं. पांढरा रंग ऊन परतवतो. जाड माती तापायला वेळ घेते, तोवर सूर्य कलतो. मृगाआधी दरवर्षी धाब्यावर नवी माती पडायची. घरचे, शेजारचे सगळे पाट्या वाहायचे. आज तुमचं धाबं, उद्या आमचं.

ही सावड खानदेशच्या हाडात आहे. पांझरा नदीवरचे जुने बंधारे आणि त्यांच्या पाण्यावर सामाईकपणे भिजणारे शेतांचे फड पाहिले की तेच दिसतं. पाणी सोडणारा पाटकरी नेमण्यापासून पाटातला गाळ काढण्यापर्यंत सगळा कारभार शेतकरीच बघत. गावाच्या सोयी गावाच्या हातात असल्या की टिकतात, हे मी पांझरेच्या काठी शिकलो.

आता सरकारी घरकुल योजनांचं. इंदिरा आवास योजना 1985 मध्ये आली, 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण)ने घेतली. सपाट भागात अनुदान 1 लाख 20 हजार, घर किमान 25 चौरस मीटरचं. अनुसूचित जातींसाठी रमाई आवास योजना, आदिवासींसाठी शबरी. पण कारभार लोकांच्या हातात नसला की काय होतं, तेही इथंच दिसलं: जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेत 11 हजारांवर घरं व्हायची होती, बहुतेक अपुरीच राहिली. 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या घोटाळ्याच्या प्रकरणात 48 जणांना दोषी ठरवलं.

धाबं परत आणा, असं माझं म्हणणं नाही. झडीच्या पावसात मातीची भिंत खचते, लाकूड परवडत नाही, दरसाल माती टाकायला हात उरले नाहीत. पक्कं घर हा गरिबाचा हक्कच आहे. पण पक्क्या घराचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. मजुरी करून आलेल्या बाईला, तान्ह्या लेकराला झोप कशी लागणार?

म्हणून घरकुल मंजूर झालेल्या प्रत्येक कुटुंबाला आणि त्यांच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा लेप द्या, समोरासमोर खिडक्या ठेवा, पश्चिमेला निंब लावा. आणि नकाशा पक्का करण्याआधी त्या घरात दिवसभर राहणाऱ्या बाईला विचारा.