तय्यब मेहतांची माणसं कशी पाहावीत?
चित्रकार तय्यब मेहतांच्या चित्रात हात कुणाचा आणि पाय कुणाचा, हेच आधी उमगत नाही. कोडं सोडवायला बसू नका. सपाट रंगांच्या पट्ट्यांमधून धड तिरपं कोसळताना दिसतं. तोंड उघडं, हातपाय ताणलेले. नजर तिथे ठेवा. या कोसळण्यामागे एक आठवण आहे: १९४७च्या फाळणीच्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रोडवर जमावाने एका तरुणाला ठार मारताना तय्यब यांनी खिडकीतून पाहिलं होतं. १९६९च्या सुमारास त्यांचा कॅनव्हास तिरकस रेषेने चिरला जाऊ लागला आणि आकृतीही दुभंगली. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या चित्रांत तर माणूस आणि रिक्षा वेगळे काढणंच कठीण; ओझं शरीराचाच अवयव झालेलं. दंगल ठाऊक झाली म्हणजे चित्र उलगडलं, असं मात्र नाही. आधी आकृतीचा तोल पाहा, चरित्र नंतर वाचा.