चोथ्याचे देणे

‘चोथा’ या शब्दातच आपला निकाल आलेला असतो: सत्त्व काढून घेतले, उरले ते टाकाऊ. पोषणशास्त्रानेही बराच काळ तो मान्य केला होता. धान्याचा कोंडा, कडधान्यांची टरफले, भाज्यांतील तंतू आपल्या पाचकरसांना फोडता येत नाहीत. पोट साफ ठेवणे एवढेच त्यांचे काम, अशी समजूत होती.

मोठ्या आतड्यात मात्र या चोथ्यावर जगणारे असंख्य जिवाणू असतात. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या त्या जागी ते चोथा आंबवतात आणि त्यातून मुख्यतः ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट तयार होतात. यांच्या साखळीत अनुक्रमे दोन, तीन व चार कार्बन अणू असतात. खाद्यतेलांतील बहुतेक मेदाम्लांत ते सोळा-अठरा असतात, म्हणून यांना लघुशृंखल मेदाम्ले म्हणायचे. गाई-म्हशींना चाऱ्यातून मिळणारी बरीचशी ऊर्जा याच आम्लांच्या रूपाने मिळते. माणसाच्या एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा लहान असला, तरी मोठ्या आतड्याचे अस्तर त्यांच्यावरच पोसले जाते. त्या पेशी सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटमधून घेतात.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या या पेशी तपासल्या, तेव्हा त्या ऊर्जेअभावी स्वतःचेच घटक पचवू लागलेल्या आढळल्या. ब्युटिरेट मिळताच हे थांबले.

ब्युटिरिक आम्लाचे नाव लोण्याच्या लॅटिन नावावरून पडले आणि तुपातही ते थोडे असते. मग तूप वाढवले की झाले, असे वाटेल. पण तुपातले हे आम्ल लहान आतड्यातच शोषले जाते. मोठ्या आतड्याला लागणारे ब्युटिरेट तिथेच, जिवाणूंकडून तयार व्हावे लागते.

आहार बदलला तर काय होते? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिट्सबर्गमधील वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील वीस जणांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. पहिल्या समाजात मोठ्या आतड्याचा कर्करोग दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. चोथा भरपूर व चरबी कमी असलेल्या आहारावर अमेरिकन गटात ब्युटिरेट सुमारे अडीचपट झाले आणि अस्तराचा दाह उतरला. आफ्रिकन गटात ते निम्म्यावर आले. मांस व चरबीचे प्रमाणही बदलले असल्याने सारे श्रेय एकट्या चोथ्याला देता येत नाही आणि दोन आठवड्यांत कर्करोग टळल्याचे सिद्ध होत नाही. तरीही आतड्यातला हा कारखाना ताटातला बदल किती लवकर ओळखतो, ते यातून कळते.

ब्युटिरेट प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी वाढवते, असे २०१३ मध्ये उंदरांत दिसले. परंतु आतड्याच्या व्रणयुक्त दाहात ब्युटिरेटचे एनिमा देऊन पाहिले, तेव्हा निष्कर्ष संमिश्र आले. हे आम्ल म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा नव्हे.

आपल्याकडे एका-दोन पिढ्यांत अनेक घरांतली भाकरी मागे पडली, पांढरा तांदूळ आणि मैदा पुढे आला. ज्वारी-बाजरी, सालासकट कडधान्यांची उसळ, पालेभाजी, शिजवून गार केलेला भात यांत या जिवाणूंचे खाद्य आहे. ते एकदम वाढवले तर पोट फुगते, म्हणून हळूहळू वाढवावे. जेवायला बसताना एवढे ध्यानात असावे, की ताटातला काही घास आपल्यासाठी नसतो. तो ज्यांच्यासाठी असतो, ते त्याची परतफेड करतात.