कोयता निघाला, मूल गावात राहिलं

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांत शाळेचं वर्ष जूनमध्ये सगळ्यांसारखंच सुरू होतं, पण दसरा-दिवाळी आली की अर्ध्यावर अडतं. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झालेली असते. गाडी दाराशी लागते आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघते. पोरं बरोबर. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. असे दोन-तीन हंगाम गेले की मुलाचं नाव तेवढं पटावर उरतं.

उसाच्या फडावर मुलाला काम नसतं असं कुणी म्हणत असेल तर त्याने पहाटेचा फड पाहिलेला नाही. आई-बाप अंधारातच उसाला भिडतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, धाकट्याला कडेवर घेऊन बसते, पाणी भरते, चूल पेटवते. मुलगा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतो, बैल सांभाळतो. त्याची मजुरी कुठेच लिहिली जात नाही, पण त्याच्या हातांवाचून त्या कोयत्याचा दिवस पुरा होत नाही.

या मुलांसाठी गेल्या तीसेक वर्षांत काय काय झालं, याकडे पाहताना दोन वेगळ्या वाटा दिसतात. पहिली वाट, मूल जिथे जाईल तिथे शाळा न्यायची. त्याच्याही कितीतरी आधी कोसबाडला ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा चालवली, ती याच विचाराची. साखर कारखान्यांच्या आवारातल्या साखरशाळा त्याच वाटेवरच्या. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या ‘जनार्थ’ संस्थेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचं मोठं जाळं उभं केलं. कोप्यांच्या गर्दीत एक पत्र्याचं छप्पर, त्याखाली सगळ्या इयत्ता एकत्र. कडेवरच्या धाकट्यासकट आलेल्या मुलीला बाईंनी परत पाठवायचं नाही, ही साखरशाळेची खरी समज होती. त्या शाळांचं ऋण मोठं आहे.

तरी अडचण मुळातच होती. टोळी आज इथे तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात. कुणी नोव्हेंबरात येणार, कुणी डिसेंबरात. शिवाय शाळा फडाशेजारी असली की थोरल्या पोराला हाक मारणं सोपं जातं. 1 एप्रिल 2010 ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला, प्रत्येक मूल मान्यताप्राप्त शाळेतच हवं असं ठरलं आणि साखरशाळा मागे पडत गेल्या.

मग दुसरी वाट धरली गेली, ती हंगामी वसतिगृहांची. आई-बापांनी जावं, मूल गावातच राहावं. ते कुणाच्या भरवशावर राहणार, याचं उत्तर कागदावर ‘शाळा व्यवस्थापन समिती’ असं आहे. कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. पण ऊसतोडीच्या गावात समितीतले पालकच कोयता घेऊन निघालेले असतात! मागे उरतात त्या आज्या, गुडघे धरलेले आजोबा, हंगामाला न जाणारी चार घरं आणि शिक्षक. या उरलेल्या माणसांनीच ही योजना पेलली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

काम दसऱ्याआधीच सुरू होतं. कोण कोण जाणार, कुणाची किती पोरं, घरी आजी आहे का, तिला दिसतं का, याची घरोघर यादी होते. मुलग्याला ठेवायला आई लवकर तयार होते, मुलीचं नाव निघालं की गप्प बसते. “वयात आलेली पोर कुणाच्या गळ्यात टाकून जाऊ?” तिथे गुरुजींच्या समजावण्याला फारसं वजन नसतं. शेजारची बाई “माझ्या लेकीजवळ निजंल ती” म्हणते, तेव्हा पोरगी गाडीतून खाली उतरते. वसतिगृह असं नाव असलं तरी बऱ्याच ठिकाणी इमारत नसतेच. दुपारी शाळेतला पोषण आहार, सकाळ-संध्याकाळचं जेवण गावातल्याच बायकांच्या हातचं, आणि निजायला आजीचं घर. पैसे उशिरा येतात, तोवर डाळ-तेल उधारीवर चालतं.

नंतर उपाय वाढले. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत सहज बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. 4 जुलै 2015 ला राज्यभर एकाच दिवसात शाळाबाह्य मुलांचा शोध घेतला गेला. पण जुलैत तर ऊसतोडीचं पोर गावातच असतं, शाळेतही असतं. त्याची गळती दिवाळीनंतरची. ‘बालरक्षक’ म्हणून पुढे आलेल्या शिक्षकांनी मात्र हे ओळखलं आणि मुलांना परत आणायला ते थेट फडांवर गेले.

2020 मध्ये कोरोनाने ही घडी विस्कटली. शाळाच बंद, मग मूल मागे ठेवायचं कशासाठी? पालघरच्या पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ निघाली. ऊसतोडीची पोरं मात्र पुन्हा गाडीत चढली.

सगळ्यात मोठी फट आजही आठवीनंतर आहे. कायद्याची हमी चौदा वर्षांपर्यंतच, माध्यमिक शाळा बहुधा दुसऱ्या गावी, आणि नव्या कोयत्यासाठी जोडी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. तिसरीतल्या मुलीला गाडीतून उतरवणारं गाव नववीतल्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसतं, हे मला अजून पचत नाही.

2021 मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची, संत भगवानबाबांच्या नावाची योजना मंजूर केली. प्रत्येक तालुक्यात मुलींसाठी एक, मुलांसाठी एक. ती हवीतच. पण तालुक्याच्या वसतिगृहात मुलीला धाडायचं की मांडवात उभं करायचं, हे ठरतं गावात, उचल घेण्याच्या दिवसांत. म्हणून दसऱ्याआधीच्या त्या यादीत आता नववी-दहावीच्या मुलींची नावं आधी लिहायला हवीत, आणि त्यांच्या आयांशी बोलायला तीच शेजारीण जायला हवी.