मुखकर्करोग

मुखकर्करोग : ओठ, गाल, हिरड्या, जीभ, मुखतळ व कठीण तालू यांच्या अस्तरात उद्‌भवणारे मारक अर्बुद. कोशिकांची (पेशींची) शरीराच्या गरजेवाचून व नियंत्रणाबाहेर वाढ होऊन जी गाठ बनते, तिला अर्बुद म्हणतात. सौम्य अर्बुद सावकाश वाढते, बहुधा वेष्टनात बंदिस्त राहते व उगमस्थान सोडत नाही. मारक अर्बुद शेजारच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांत) घुसते आणि दूरच्या अवयवांतही रुजते. बहुतेक मारक अर्बुदांचा आरंभ शरीराच्या आत, दृष्टीआड होतो. मुखकर्करोग मात्र डोळ्यांना दिसेल व बोटाला लागेल अशा जागी सुरू होतो आणि पुष्कळदा त्याच्या पूर्वखुणा कित्येक वर्षे आधीपासून दिसत असतात. असे असूनही भारतातील बहुसंख्य रुग्ण रोग बळावल्यावरच उपचारासाठी येतात.

कारणे : भारतात या रोगाचे प्रमाण मोठे असल्याकडे विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी लक्ष वेधले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले व १९४४ मध्ये खानोलकरांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू, सुपारी व मद्य ही या रोगाची प्रमुख कारणे आहेत.

विदर्भात सुपारीची खांडे, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा खाण्याची सवय रूढ आहे. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वेसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावी तो पानठेल्यावर पन्नीत घोटून दिला जातो आणि गालफडात बराच वेळ धरला जातो. ज्या जागी असा विडा किंवा गोळी धरली जाते, तेथेच व्रण होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून भारतात गालाचे अस्तर व त्यालगतची खालची हिरडी ही या रोगाची प्रमुख स्थाने आहेत, तर पाश्चात्त्य देशांत जीभ व मुखतळ यांचे प्रमाण जास्त आढळते. तंबाखूतील नायट्रोसामाइने कर्कजनक आहेत. तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात सुपारी ही स्वतःच मानवात कर्कजनक असल्याचे नमूद केले आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली. परंतु ताज्या घोटलेल्या खर्ऱ्यातही तंबाखू, सुपारी व चुना हेच घटक असतात.

विकास : कर्कजनक द्रव्यांमुळे कोशिकांच्या जनुकांत बदल साचत जातात. वाढीला चालना देणारी जनुके अतिक्रियाशील होतात व वाढ रोखणारी, उदा., पी-५३ हे जनुक, निकामी होतात. या काळात अस्तरावर पुसून न जाणारे पांढरे चट्टे दिसू लागतात. मखमली लाल चट्टे तुलनेने कमी आढळतात, पण ते अधिक धोक्याचे असतात. सुपारी खाणाऱ्यांत अस्तराखालील ऊतक तंतुमय होऊन गाल ताठर होतात, तिखट सोसत नाही व तोंड उघडणे कमी कमी होत जाते. तोंडात उभी तीन बोटे न मावणे ही या विकाराची सोपी खूण होय. असा प्रत्येक विकार कर्करोगात परिणत होतोच असे नाही. तथापि विकृत कोशिकांनी अस्तराखालचे तळपटल भेदले म्हणजे तो कर्करोग ठरतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, कडक गाठ, विनाकारण हलणारे दात व मानेतील गाठ ही त्याची लक्षणे होत.

वर्गीकरण : अर्बुदांचे वर्गीकरण प्रथम उगमाच्या ऊतकावरून करतात. अस्तराच्या कोशिकांपासून होणाऱ्या मारक अर्बुदास कर्क, तर हाडे, स्नायू इ. ऊतकांपासून होणाऱ्यास मांसार्बुद म्हणतात. मुखातील ९० टक्क्यांहून अधिक मारक अर्बुदे चपट्या अस्तर-कोशिकांचे कर्क असतात. त्यातील कोशिका मूळ कोशिकांशी किती साम्य राखून आहेत, यावरून प्रत ठरवितात. अशी प्रतवारी ॲल्बर्ट ब्रोडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कर्काबाबत मांडली.

रोगाची अवस्था ठरविण्यासाठी फ्रेंच शल्यचिकित्सक प्येर दन्वा यांनी १९४३ पासून विकसित केलेली टी-एन-एम पद्धती वापरतात. तीत ‘टी’ मूळ अर्बुद, ‘एन’ जवळच्या लसीका ग्रंथी व ‘एम’ दूरचा प्रसार दर्शवितो. दोन सेंमी. पर्यंतचे व पाच मिमी. पेक्षा खोल न गेलेले अर्बुद टी-१ होय. चार सेंमी. पेक्षा मोठे किंवा दहा मिमी. पेक्षा खोल गेलेले अर्बुद निदान टी-३ मध्ये मोडते आणि जबड्याच्या हाडात आरपार घुसलेले टी-४ मध्ये गणले जाते.

प्रसार : कर्ककोशिका लसीकावाहिन्यांतून प्रथम मानेतील ग्रंथींत व पुढे रक्तावाटे मुख्यतः फुप्फुसांत जातात. वाहून गेलेली प्रत्येक कोशिका रुजत नाही. बीजाला अनुकूल भूमी लागते, हा विचार स्टीव्हन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडला होता. मानेत गाठ हाताला लागत नसतानाही ग्रंथींत सूक्ष्म प्रसार झालेला असू शकतो. आरंभीच्या मुखकर्करोगात मानेतील ग्रंथी मूळ अर्बुदाबरोबरच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, याचा अभ्यास टाटा स्मारक रुग्णालयात २००४–१४ या काळात करण्यात आला. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ग्रंथी आधीच काढलेल्या गटात ८० टक्के, तर दुसऱ्या गटात ६७·५ टक्के आढळले.

निदान व चिकित्सा : संशयित जागेचा तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यावरच निदान निश्चित होते. शस्त्रक्रिया ही प्रमुख चिकित्सा असून प्रगत अवस्थेत प्रारण व रसायने यांची जोड देतात. लहान अर्बुद काढल्यावर बोलणे व गिळणे बहुधा टिकून राहते. प्रगत अवस्थेत जबडा किंवा जीभ गमावण्याची वेळ येते.

प्रतिबंध : तंबाखू व सुपारी सोडणे हा मुख्य उपाय होय. त्याच्या जोडीला मुखाची नियमित तपासणी आवश्यक आहे. तिला उजेड, आरसा व प्रशिक्षित दृष्टी एवढेच लागते. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी अशी तपासणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. वऱ्हाडातील खर्रा खाणाऱ्याने पांढरा चट्टा किंवा आखडत चाललेले तोंड यांकडे दुर्लक्ष न करता त्याच वेळी वैद्यकीय तपासणी करून घेणे, म्हणूनच महत्त्वाचे आहे.