क्लचचं पॅडल ढिलं की घट्ट?

मागच्या वेळी आपण गाडीच्या कर्जाचा हप्ता आणि विमा याबद्दल बोललो. त्यानंतर तिघीचौघींनी एकच विचारलं, "ताई, हप्ता भरू आम्ही. पण गाडी बिघडली की मेकॅनिक सांगेल ते ऐकावं लागतं, त्याचं काय?" म्हणून आज क्लचच्या पॅडलबद्दल सांगते. मी मेकॅनिक नाही, बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. पण आमच्या गटाच्या गाडीने मला हे शिकायला लावलं.

आमच्या गटाची एक जुनी व्हॅन आहे. पापड, चटण्या, मसाले घेऊन ती दहिवडीकडून फलटणच्या बाजाराला जाते. चालवतात आमच्याच गटातल्या एक वहिनी. जाताना मोगराळे घाट उतरायचा असतो, त्यामुळे काही कळत नाही. येताना डाळीची पोती भरलेली असतात आणि तोच घाट चढायचा असतो. गेल्या वर्षी असंच चढताना इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढे सरकेना आणि जळका वास सुटला. कशीबशी गाडी गॅरेजला नेली. तिथे पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं, "प्लेट गेली. सगळा सेट बदला, साडेसहा हजार." वर हेही ऐकवलं की बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की क्लच जळणारच. संध्याकाळच्या बैठकीत दोघी म्हणाल्या, पगारी ड्रायव्हर ठेवू. वहिनी काही बोलल्या नाहीत. चावी सतरंजीवर ठेवली आणि घरी गेल्या.

आता क्लच म्हणजे काय ते बघा. एक ताट गरगर फिरतंय असं समजा, ते इंजिन. दुसरं ताट त्याला घट्ट दाबून धरलं की तेही फिरायला लागतं, त्याच्यामागे गिअर आणि चाकं. दोन्ही ताटं दाबून धरायचं काम आत एक दणकट स्प्रिंग करते. आपण पॅडल दाबतो तेव्हा ताटं जवळ येत नाहीत, उलट सुटी होतात. म्हणजे पाय वर असताना क्लच पूर्ण धरलेला असतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

पॅडलपासून गिअरबॉक्सपर्यंत बऱ्याच जुन्या गाड्यांत सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते. ही केबल जराशी सैल असावीच लागते. त्या सैलपणाला मेकॅनिक 'प्ले' म्हणतात. गाडी बंद करून पॅडल हाताने हळूच दाबा. सुरुवातीला ते अलगद जातं, मग एका जागी जड लागतं. तो अलगद जाणारा भाग म्हणजे प्ले. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पॅडलशेजारी धरली की मोजता येतो. केबलच्या पुष्कळ गाड्यांत तो साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर असतो, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीइतका. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा जाणत्या मेकॅनिककडे मिळेल, तोच धरायचा.

प्ले अजिबात नसेल तर पाय वर असूनही पॅडल थोडं दाबल्यासारखंच राहतं. ताटं पुरती दाबली जात नाहीत, घसरतात, तापतात, जळतात. आमचं हेच झालं होतं. शेजारच्या गावातल्या एका वयस्कर मेकॅनिककाकांनी वहिनींना बोलावून हातानेच पॅडल दाबायला लावलं. प्ले शून्य! पंधरा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगला "पॅडल लूज वाटतंय" म्हणून कुणीतरी केबलचा नट आवळून ठेवला होता. काकांनी नट सोडला, अंगठ्याएवढा प्ले ठेवला. दुसऱ्या दिवशी तीच पोती भरून गाडी घाट चढून आली. वहिनींना पाय क्लचवर टेकवून चालवायची सवय होती, हेही मी लपवत नाही. पाय नुसता टेकवला तरी थोडा दाब पडतोच. ती सवय त्यांनी मोडली. प्लेट झिजलेलीही होतीच, आठ महिन्यांनी ती बदलावी लागली. पण तोवर आम्ही पैसे बाजूला काढले होते, कर्जाचा हप्ता चुकला नाही.

इथे एक गंमत आहे. प्लेट झिजत जाते तसा प्ले कमी होत जातो आणि केबल ताणली जाते तसा वाढतो. म्हणून महिन्यातून एकदा मोजायचा आणि वहीत लिहायचा.

प्ले फार वाढला तर उलटा त्रास. पॅडल तळापर्यंत दाबूनही ताटं सुटी होत नाहीत. पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. अशा वेळी केबलच्या टोकाचा लॉकनट सोडून दुसरा नट थोडा आवळतात. आवळला की प्ले कमी, सोडला की जास्त. एकदोन फेरे फिरवायचे, पॅडल दहा वेळा दाबायचं, पुन्हा मोजायचं, मगच लॉकनट घट्ट. हा नट पुष्कळदा गाडीखाली असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, घरच्या पुरुषमाणसानेही नाही. ते काम गॅरेजमध्येच करून घ्या, पण शेजारी उभं राहून आधीचं आणि नंतरचं माप घ्या.

प्ले बरोबर असूनही चढाला इंजिन ओरडत असेल तर प्लेट झिजली असेल किंवा तिच्यावर ऑइल आलं असेल, तिथे नट फिरवून उपयोग नाही. पॅडल दिवसेंदिवस जड होत असेल तर केबल आतून गंजली का, तिचे तंतू तुटले का ते बघायला सांगा. दाबल्यावरच घरघर येत असेल तर बहुधा क्लचचं बेअरिंग.

नव्या बऱ्याच गाड्यांत केबलऐवजी तेलाच्या दाबावर क्लच चालतो, तिथे नट शोधत बसू नका. पॅडल स्पंजासारखं लागलं तर नळीत हवा शिरलेली असते किंवा तेल गळत असतं. त्यात पुस्तिकेत लिहिलेलं ब्रेक ऑइलच घालायचं. इंजिन ऑइल घातलं तर आतले रबर फुगून खराब होतात.

रस्त्यात केबल तुटली तर पॅडल एकदम मोकळं पडतं. घाबरायचं नाही. ब्रेक तसाच काम करत असतो. गाडी कडेला घ्यायची, गिअर काढून इंजिन बंद करायचं, हँडब्रेक ओढायचा, चढ असेल तर चाकाला दगड लावायचा. आम्ही आता एक केबल जादा आणून ठेवली आहे. वहिनी ती मोठा वेटोळा करून सीटमागे ठेवतात. घडी घालू देत नाहीत, केबल एकदा मुडपली की आतली तार अडकते म्हणतात.