लिलाव संपल्यावर नवख्यांची यादी कशी लावावी?

नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहला आयपीएलचा मोठा लिलाव झाला. दुसऱ्या दिवशी चेन्नई सुपर किंग्जने रामकृष्ण घोष या अष्टपैलू खेळाडूला 30 लाखांच्या पायाभूत किमतीत घेतलं. नाशिकचा मुलगा धोनीच्या संघात गेला, यापेक्षा मोठी बातमी इथल्या क्रिकेटप्रेमींसाठी त्या आठवड्यात दुसरी नव्हती. मित्रांमध्ये फँटसी संघ लावणाऱ्यांपुढे मात्र लगेच एक प्रश्न उभा राहिला. घोषला आपल्या संघात घ्यायचं का?

मन म्हणत होतं, घ्यायचं. उत्तर होतं, त्या वर्षी नाही. 2025 च्या मोसमात घोषला एकही सामना खेळायला मिळाला नाही. तरीही चेन्नईने त्याला सोडलं नाही आणि 2026 साठी कायम ठेवलं. म्हणजे संघाला तो खेळाडू हवा होता, फक्त अकरांत त्याच्यासाठी तोवर जागा झालेली नव्हती. खेळाडूची गुणवत्ता आणि त्याची संघातली जागा हे दोन वेगळे हिशेब आहेत. नवख्यांची यादी लावताना बहुतेकांची चूक होते ती हे दोन हिशेब एकत्र केल्यामुळे.

नवख्यांना क्रम लावण्याचा हा उद्योग अमेरिकन फुटबॉलमधून आला. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी 1962 साली आपल्या सोबत्यांबरोबर फँटसी फुटबॉलचे पहिले नियम बसवले. खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि मैदानावरच्या त्यांच्या कामगिरीनुसार गुण मोजायचे. तिथे दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट होतो. महाविद्यालयांतून आलेले खेळाडू 32 संघ सात फेऱ्यांत निवडतात आणि मागच्या मोसमात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. फँटसी खेळणारे नवख्यांची एक यादी ड्राफ्टच्या आधी करतात. ड्राफ्ट संपला की ती बाजूला ठेवून नव्याने करतात. मधल्या दिवसांत खेळाडू तोच असतो, त्याचं वजन नि वेगही तोच. बदललेला असतो तो त्याचा संघ आणि त्या संघात त्याच्यापुढे रांगेत उभे असलेले खेळाडू.

याचं सर्वांत ठळक उदाहरण 2023 चं. पुका नाकुआ हा खेळाडू पाचव्या फेरीत, 177 व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्सकडे गेला. फारशा याद्यांत त्याला मान नव्हता. मोसमाच्या तोंडावर रॅम्सचा मुख्य रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, कूपर कप दुखापतीने बाहेर बसला, पहिल्याच सामन्यापासून चेंडू नाकुआकडे येऊ लागले आणि त्याने 105 झेल घेत 1486 यार्ड मिळवले. नवख्या खेळाडूसाठी हे दोन्ही तेव्हा तिथल्या लीगचे विक्रम ठरले. गुणवत्ता होतीच. दार उघडलं ते दुसऱ्याच्या दुखापतीमुळे.

आपल्याकडे ड्राफ्ट नाही, लिलाव आहे, आणि हा फरक मोठा आहे. अमेरिकेत निवडीचा क्रम हे संघाचं उघड मत असतं. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूला संघ खेळवणार, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. आयपीएलमधली बोली तशी नसते. एखाद्या मुलाची किंमत किती चढेल, हे त्याला घेणाऱ्या संघाइतकंच हरलेल्या दुसऱ्या संघावर अवलंबून असतं. दोघांच्या खिशात पैसे शिल्लक असतील आणि दोघांनाही डावखुरा फिरकी गोलंदाज हवा असेल, तर भाव कुठल्या कुठे जातो. तोच खेळाडू तासाभराने, खिसे रिकामे झाल्यावर पुकारला गेला, तर पायाभूत किमतीत सुटतो.

डिसेंबर 2023 चा दुबईतला लिलाव आठवा. चेन्नईने समीर रिझवीला 8 कोटी 40 लाखांना घेतलं, दिल्लीने कुमार कुशाग्रला 7 कोटी 20 लाखांना. दोघेही तेव्हा भारताकडून न खेळलेले. रिझवीने आयपीएलमध्ये खेळलेल्या पहिल्याच चेंडूवर, तोही रशीद खानच्या, षटकार मारला. भाव वसूल झाला असं तेव्हा अनेकांना वाटलं. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर एकूण 51 धावा होत्या. शिवम दुबे, जडेजा, धोनी यांच्या आगेमागे त्याला खेळायला चेंडूच किती मिळणार होते? कुशाग्रलाही मोजकेच सामने मिळाले. पुढच्या लिलावात रिझवी 95 लाखांत दिल्लीकडे गेला आणि कुशाग्र 65 लाखांत गुजरातकडे. दिल्लीकडून रिझवीला संधी मिळाली तेव्हा त्याने पंजाबविरुद्ध 25 चेंडूंत नाबाद 58 धावा करून सामना जिंकून दिला. खेळाडू एकच, भाव दोन, आणि कमी भावाच्या वर्षीच फँटसी संघाला उपयोगी.

आता नाशिकच्या नावाशी जोडलेलं उदाहरण घेऊ, कारण माझ्या मते या विषयातली सर्वांत शिकवणारी तुलना तिथेच आहे. 2023 च्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमिअर लीग सुरू झाली आणि ईगल नाशिक टायटन्स हा आपला संघ उभा राहिला. त्या संघातून सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी खेळला. पुणेरी बाप्पाविरुद्ध त्याने 54 चेंडूंत 117 धावा केल्या, त्यात 13 षटकार. मग गोलंदाजीत चार बळी घेतले आणि नाशिकने तो सामना एका धावेने जिंकला. गहुंजेचा तो सामना पाहिलेल्या कोणालाही या मुलाच्या कुवतीबद्दल शंका उरली नसेल. डिसेंबरात लखनऊने त्याला 20 लाखांना घेतलं.

दिल्लीच्या लीगमध्ये 2024 साली असाच एक डाव झाला. प्रियांश आर्यने 50 चेंडूंत 120 धावा केल्या, एका षटकात सहा षटकारांसह. पंजाबने त्याला 3 कोटी 80 लाखांना घेतलं. दोघेही सलामीवीर, दोघांनीही राज्यपातळीवरच्या लीगमध्ये कमाल केलेली. आर्यने 2025 मध्ये चेन्नईविरुद्ध 39 चेंडूंत शतक केलं आणि मोसमात 475 धावा जमवल्या. अर्शिनच्या वाट्याला मात्र तुरळक सामने आले.

फरक संघाच्या कागदावर आधीच लिहिलेला होता. पंजाबने लिलावाआधी फक्त शशांक सिंग आणि प्रभसिमरन सिंग यांना कायम ठेवलं होतं. सलामीची एक जागा सरळ रिकामी होती. लखनऊकडे 2024 मध्ये के. एल. राहुल आणि क्विंटन डी कॉक होते. 2025 मध्ये मिचेल मार्श आणि एडन मार्करम आले, आणि मार्शने त्या मोसमात सहाशेच्या वर धावा केल्या. इतकं चाललेल्या जोडीला कोणता कर्णधार हात लावेल? अर्शिन कमी पडला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला रांग मोठी मिळाली.

म्हणून नवख्या फलंदाजाचं नाव यादीत लिहिण्याआधी त्या संघाचे पहिले तीन फलंदाज कोण, हे लिहून काढावं. वीस षटकांच्या सामन्यात चेंडू 120 च. सहाव्या-सातव्या क्रमांकावरच्या मुलाला त्यातले आठ-दहा मिळाले तरी भाग्य. बहुतेक फँटसी पद्धतींत धावेला एक गुण असतो, त्यामुळे खाली खेळणारा नवखा कितीही गुणी असला तरी त्याचे गुण साचत नाहीत. मग दुसरी नोंद करावी ती दुखापतींची. वैभव सूर्यवंशीला राजस्थानने 1 कोटी 10 लाखांना घेतलं होतं, पण संजू सॅमसन जायबंदी होईपर्यंत तो बाकावर होता. 19 एप्रिल 2025 ला पदार्पण आणि 28 एप्रिलला गुजरातविरुद्ध 35 चेंडूंत शतक, वयाच्या चौदाव्या वर्षी. मुंबईकर आयुष म्हात्रे तर त्या लिलावात विकलाच गेला नव्हता. ऋतुराज गायकवाडच्या कोपराला दुखापत झाली, चेन्नईने मोसमाच्या मध्यात त्याला बोलावलं आणि त्याने बंगळूरविरुद्ध 48 चेंडूंत 94 धावा केल्या. लिलावाच्या रात्री केलेली यादी मोसमभर तशीच ठेवणाऱ्याच्या हातून हे दोघेही निसटले असते.

गोलंदाजांना मात्र हा नियम तेवढा लागू होत नाही. 2025 च्या मोसमासाठी 30 लाखांत घेतलेल्या तिघांकडे पाहा. मुंबई इंडियन्सचा विघ्नेश पुथूर केरळच्या वरिष्ठ संघाकडूनही खेळलेला नव्हता आणि पदार्पणात त्याने चेन्नईचे तीन बळी घेतले. अश्वनी कुमारने वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध पहिल्याच सामन्यात 24 धावांत चार गडी टिपले. लखनऊच्या दिग्वेश राठीने मोसमात 14 बळी मिळवले, आणि तेही संघात रवी बिश्नोईसारखा लेगस्पिनर असताना. नव्या गोलंदाजाचा चेंडू हातातून कसा सुटतो, हे फलंदाजांनी पाहिलेलं नसतं आणि विश्लेषकांकडे त्याची पुरेशी चित्रफीत नसते. ही नवलाई थोड्याच सामन्यांची असते. शिवाय एका बळीला पंचविसाच्या आसपास गुण, म्हणजे दोन बळींचा सामना अर्धशतकाच्या तोडीचा. त्यामुळे अनोळखी फिरकी गोलंदाज यादीत मी नेहमी वर ठेवतो, पण मोसमाच्या पहिल्या भागापुरता.

देशांतर्गत आकडे वाचतानाही भान हवं. सय्यद मुश्ताक अली स्पर्धा वीस षटकांची असल्याने तिथली कामगिरी सर्वांत जवळची. रणजीतल्या धावांनी तंत्र कळतं, पण चौदा चेंडूंत तीस धावा करण्याची तयारी कळत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये अबू धाबीच्या लिलावात चेन्नईने प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा यांना प्रत्येकी 14 कोटी 20 लाखांना घेतलं. भारताकडून न खेळलेल्या खेळाडूसाठी हा विक्रमी भाव. दोघांची किंमत सारखी, यादीतली जागा मात्र सारखी नसावी. वीर डावखुरा फिरकी अष्टपैलू आहे आणि त्याच भूमिकेतला जडेजा महिनाभर आधीच अदलाबदलीत राजस्थानकडे गेला होता. जागा मोकळी दिसते. कार्तिक यष्टिरक्षक-फलंदाज आहे आणि त्याच संघात राजस्थानहून आलेला सॅमसन, धोनी, उर्विल पटेल असे तीन यष्टिरक्षक आधीच आहेत. त्याला निव्वळ फलंदाज म्हणून जागा मिळवावी लागेल. घोष मध्यमगती अष्टपैलू. त्याच्यापुढे दुबे आणि जेमी ओव्हर्टन. ओव्हर्टन परदेशी आहे आणि अकरांत परदेशी चारच चालतात, म्हणून संघाचा तोल बदलला की घोषसाठी फट पडू शकते. त्या दिवसापर्यंत त्याचं नाव यादीत खाली, पण खोडलेलं नाही.

ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि फँटसी कंपन्यांना पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. मला हे चांगलं वाटतं. घरातला पैसा त्यात घालवणारी तरुण मुलं गावोगाव होती. आता उरली आहे ती पारख, आणि ती मित्रांच्या वहीतही करता येते.

त्यासाठी नाशिककरांना लांब जायला नको. जानेवारी 2025 मध्ये गोल्फ क्लबवरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानात महाराष्ट्राने बडोद्याला रणजी सामन्यात 439 धावांनी हरवलं. आपल्या मैदानावर पुढचा रणजी सामना होईल तेव्हा जरूर जा आणि धावफलकाबरोबर एवढं टिपून ठेवा, कोणता मुलगा कितव्या क्रमांकावर येतो आणि कर्णधार नवा चेंडू कोणाच्या हाती देतो.